हेदवीच्या खाऱ्या हवेत जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप

गुहागर तालुक्यातील हेदवीत भरतीच्या वेळी बामणघळीत समुद्राचे पाणी उंच उसळते. हाच खारा ओलावा जुन्या जीपचा खरा शत्रू. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जुळणी केलेल्या विलीज जीपच्या घराण्यातील गाड्यांचे इंजिन सहसा पुन्हा बांधता येते. चासी कुजली की मात्र गाडी संपल्यात जमा.

चासीच्या बंद, पोकळ भागांत चिखल आणि खारे पाणी साचते, त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. वरचा काळा रंग तो फक्त झाकतो. म्हणून जुनी गाडी घेताना चासीवर हातोडीने हलके ठोकून पाहावे: खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज संशयास्पद. पुळणीवर गाडी नेली तर त्याच दिवशी ती खालून गोड्या पाण्याने धुवावी आणि पाणी निचरण्याची भोके मोकळी करावीत.

फोर-व्हील न वापरल्यानेही बिघडते. लिव्हर जाम होतो. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर ती लावून चालवावी. कोरड्या डांबरावर नको: वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि ताण ट्रान्सफर केसवर येतो. पावसाळ्यानंतर गिअर ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. ते लगेच बदलावे.