छापखान्याचा खिळा आणि पडद्यावरचें अक्षर

शहापूर-मुरबाडच्या कारागिराचें नांव पूर्वीं म्हसा येथील जत्रेंतून तोंडोतोंडीं पसरे. छापील जाहिरात ही मुंबईची मिरास. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं तेथें निर्णयसागर छापखाना काढला व सुबक खिळ्यांनीं मराठी मुद्रणाला रूप दिलें. पुढें संकेतस्थळें आलीं, तेव्हां अडचण पुन्हा खिळ्यांचीच होती. वाचकाच्या संगणकांत तोच फॉन्ट नसला, तर मराठी मजकुराच्या जागीं निरर्थक चिन्हें उमटत; म्हणून कित्येक जण अक्षरांचें चित्रच लावीत, आणि नांवानें शोधणाऱ्यास तें सांपडत नसे. युनिकोडनें प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक दिला, र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला. तेव्हांपासून घोंगडीवाला, चित्रकार वा भजनी मंडळ यांना आपलें नांव आपल्याच लिपींत, शोधणाऱ्यास सांपडेल असें, मांडतां येऊं लागलें.