अंजदीवच्या माथ्यावर

दरवर्षी नववीच्या वर्गात पश्चिम किनाऱ्याचा नकाशा फळ्यावर काढताना माझा खडू कारवारजवळ थांबतो. तिथे मी एक ठिपका देतो. मुले विचारतात, "सर, हे बेट कुठल्या राज्यातलं?" प्रश्न साधा, पण उत्तराला अर्धा तास लागतो. हे अंजदीव. कारवारजवळच्या बिणगा गावासमोर, कर्नाटकाच्या किनाऱ्याला जवळजवळ खेटून असलेले हे बेट कारभाराने मात्र गोव्याच्या काणकोण तालुक्यात मोडते. आमच्या सीमाभागातल्या मुलांना त्याचे फारसे नवल वाटत नाही. घर एकीकडे आणि दप्तर दुसरीकडे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे.

त्या बेटावर मी एकदाच गेलो. १९८४ सालच्या फेब्रुवारीत. एस.एस.एल.सी.ची परीक्षा तोंडावर आलेली, वडिलांचा सक्त विरोध, पण कारवारचे मामा म्हणाले, "एक दिवस पुस्तक मिटलं म्हणून पोरगा नापास होत नाही." २ फेब्रुवारीला बेटावरच्या चर्चमध्ये ब्रोतास मातेचे फेस्त असे. मामांचे ख्रिस्ती शेजारी होडीने निघाले होते, त्यांच्याबरोबर आम्हीही निघालो.

होडी पूर्वेच्या बाजूने लागली. तिकडे पाणी शांत, काठावर माड, वर किल्ल्याचा पडका तट. फेस्ताची माणसे चर्चकडे वळली आणि मामा मला घेऊन पश्चिमेच्या कड्यांकडे निघाले. त्या बाजूला बेटाचे रूपच पालटते. काळा कातळ सरळ समुद्रात उतरलेला, खाली लाटांचा गडगडाट. मामांचे बालपण कातळावरची कालवे काढण्यात गेलेले. होडीवरचा दोर त्यांनी माझ्या कमरेला बांधला आणि एकच नियम सांगितला : "दोन हात, दोन पाय. तीन जागी पक्का टेका असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही." प्रस्तरारोहण हा शब्द मी पुढे कॉलेजात ऐकला, त्याचा पहिला धडा मात्र या अनवाणी माणसाने दिला. निम्म्या चढावर माझा पाय निसटला, गुडघा सोलला, दोर ताणला गेला. मामा वरून शांतपणे म्हणाले, "खाली बघू नकोस. पुढची खाच बघ."

माथ्यावर पोचलो तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. तिथे करवंदीच्या जाळ्यांमध्ये एक खोलगट जागा होती. पालापाचोळा बाजूला सारून मामांनी मूठभर माती उचलून दाखवली. ती ओलसर होती. "माघातसुद्धा इथं पाणी मुरतंय बघ," ते म्हणाले. मी त्यात विशेष लक्ष घातले नाही.

आठ वर्षांनी एम.ए.चा अभ्यास करताना वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची रोजनिशी हाती आली आणि ती ओली माती आठवली. १४९८ च्या सप्टेंबरमध्ये परतीच्या वाटेवर गामाची जहाजे अंजदीवला थांबली. जहाजांचे तळ साफ करायचे होते, पिंपे भरायची होती. रोजनिशीकार लिहितो की बेटावर एका मोठ्या दगडी देवळाचे अवशेष होते. जवळ घडीव दगडांचे तळे होते आणि बेटाच्या सर्वांत उंच भागात तेवढेच दुसरे तळे, चार वाव खोल! आम्ही पाहिलेली जागा तीच, असा दावा मी करणार नाही. पण खाऱ्या समुद्रातल्या या खडकावर दर्यावर्दी का थांबत, याचे उत्तर मामांच्या मुठीत होते. गोडे पाणी आणि पूर्वेचा शांत आडोसा. अंजदीवचा सारा इतिहास या दोन गोष्टींभोवती फिरतो.

चौदाव्या शतकात इब्न बतूता होनावरच्या वाटेवर एका बेटावर उतरला. तिथले देऊळ, बाग, पाण्याचा हौद आणि भिंतीला टेकून बसलेला मौनी जोगी यांचे त्याने वर्णन केले आहे. अनेक अभ्यासक ते बेट म्हणजे अंजदीवच मानतात. देवी आर्यादुर्गेचे मूळ स्थानही याच बेटावर होते आणि पुढे तिला मुख्य भूमीवर हलवले, असे परंपरा सांगते. अंकोल्याला तिचे मंदिर आहे.

१५०५ मध्ये पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने इथे किल्ला बांधला आणि वर्षभरातच तो मोडून टाकला. पुढे १६८२ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा डोळा या बेटावर आहे, हे कळताच पोर्तुगीजांनी घाईघाईने ते व्यापून पुन्हा तटबंदी उभारली. आम्ही पाहिलेला तट तो हाच.

या दोन किल्ल्यांच्या मधली हकिकत सर्वांत करुण आहे. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली. पण ताबा घ्यायला आलेल्या सर अब्राहम शिपमनला पोर्तुगीज व्हाइसरॉयने ती देण्याचे नाकारले. शिपाई उतरवायचे कुठे? अंजदीववर. १६६२ च्या अखेरीपासून ही माणसे तिथे अडकली. रोगराई आणि अन्नाची आबाळ यांत ती एकामागून एक गेली. १६६४ च्या एप्रिलमध्ये शिपमनही गेला. मुंबईचा नेमलेला गव्हर्नर, पण मुंबईचा कारभार त्याच्या हाती कधी आलाच नाही. १६६५ च्या फेब्रुवारीत हंफ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा शेकड्यांच्या फौजेतले जेमतेम शंभरेक जण उरले होते. गोड्या पाण्याचे बेटही माणसाला नुसत्या पाण्यावर जगवू शकत नाही!

माथ्यावर बसून दशम्या खाताना मामांनी मला एवढेच सांगितले ते १९६१ चे. नोव्हेंबरात या बेटावरून आपल्या प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. १८ डिसेंबरला 'त्रिशूल' युद्धनौकेवरचे नौसैनिक बेटावर उतरले. पांढरे निशाण दिसल्यावरही त्यांच्यावर गोळीबार झाला, अशी नौदलाच्या इतिहासात नोंद आहे. सात जवान गेले. मामा तेव्हा विशीत होते, किनाऱ्यावरून त्यांनी तोफांचे आवाज ऐकले होते. "आम्ही तेव्हा टाळ्या वाजवल्या रे," ते खालच्या पुळणीकडे बोट दाखवत म्हणाले. "इथं पोरं पडलीत, हे दुसऱ्या दिवशी कळलं." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. उतरताना दोर त्यांनी माझ्या कमरेला पुन्हा तपासून बांधला.

पुढे बेट नौदलाकडे गेले. सीबर्ड प्रकल्पात किनाऱ्यालगतच्या गावांतली हजारो कुटुंबे उठली, लाटा अडवणारा बांध घालून बेट मुख्य भूमीला जोडले गेले, २००५ मध्ये कदंब नाविक तळ सुरू झाला. तो आडोसा आजही कामाचाच आहे. फेस्ताच्या होड्या मात्र थांबल्या. मामाही आता नाहीत.

गोव्याच्या, कर्नाटकाच्या, महाराष्ट्राच्या इतिहासात या बेटाला एकेक ओळ मिळते. सबंध गोष्ट कुणाच्याच वाट्याला येत नाही. ती आपण सांगायची नाही तर कुणी? म्हणून सहलीची गाडी कारवारहून अंकोल्याकडे निघाली की मी मुलांना समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांशी बसवतो आणि दिसेल तेवढे अंजदीव दाखवतो. उरलेले बोलून सांगतो.