गळ्यातली संख्या

गुजरीत साज पाहिला आहे ना आपण? मधल्या पदकापासून दोन्ही अंगांना सारखीच ओळ. आता ही संख्या पाहा: १२३४५६५४३२१. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीच!

इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त ती काढून दाखवली. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा म्हणाले. आकडे कसे ओबडधोबड. गुणाकार मात्र दागिना. अशा संख्यांना त्यांनी कंठ्याचीच उपमा दिली. त्यांच्या काळचा राजा राष्ट्रकूट अमोघवर्ष. त्याने महालक्ष्मीला आपले बोट वाहिल्याचे ८७१ च्या संजाण ताम्रपटात आहे, आणि ती आपली अंबाबाईच असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

हा दागिना जरा उसवू या. ११११११ चा वर्ग म्हणजे ही संख्या. आणि ११११११ म्हणजे ३, ७, ११, १३ व ३७ यांचा गुणाकार. ३ आणि ७ यांचे वर्ग एकीकडे घेतले की झाले ४४१. उरलेल्या तिघांचे वर्ग दुसरीकडे. सांधा दिसतो का कुठे?

जवळजवळ अकराशे वर्षांनी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर अशाच संख्यांपाशी आले. विचार सुचला डोंबिवली स्टेशनात, म्हणून नाव 'डेम्लो'. मोठी पदवी नाही, तेव्हा इथल्या पुष्कळ गणितज्ञांनी त्यांना हसण्यावारी नेले. आम्हा एम. ए. वाल्यांचा हा जुना रोग! १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे माना वळल्या.

नऊ एकांचा वर्ग करा: १२३४५६७८९८७६५४३२१. दहावा एक जोडलात की मध्ये हातचा येतो आणि ओळ मोडते. करूनच पाहा.