कागद वाचला म्हणजे काय?



'प्रिझर्व्हेशन' हा शब्द आपल्याला इथे सारखा भेटतो, संग्रहालयात आणि जुन्या इमारतींच्या पाट्यांवर. मराठीत मात्र त्याला एक शब्द पुरत नाही. लोणचं आपण मुरवतो, बी राखून ठेवतो, दागिने सांभाळतो, नाती जपतो आणि जुन्या कागदांचं जतन करतो. हा 'जतन' संस्कृत 'यत्न'वरून आला. म्हणजे पेटीत ठेवून कुलूप लावलं की जतन झालं असं नाही, त्याला कष्ट पडतात.

परमुलखात मराठी जपणारे आपण काही पहिले नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७०च्या दशकात तंजावरचे राजे झाले. मुलूख तमिळ. तरी सव्वाशे वर्षांनी, १८०३ साली, दुसरे सरफोजीराजे यांनी तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. त्यांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी हस्तलिखितं आजही शेजारी शेजारी नांदतात. आपलं जपताना त्यांनी शेजाऱ्याचंही जपलं.

इकडे महाराष्ट्रात वाड्यांच्या माळ्यांवर मोडी कागदांच्या दप्तरांना वाळवी लागत होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून ते कागद शोधत, वाचत, नकलून घेत आणि छापत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रं आहेत. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं.

आपल्या भाषेत 'वाचणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. पुस्तक आपण वाचतो, आणि संकटातून माणूस वाचतो. राजवाड्यांच्या हाती कागद दोन्ही अर्थांनी वाचला.

हे मला उशिरा कळलं. पणजोबांचे मोडी कागद मी स्कॅन करून ठेवले होते. संगणक हाच माझा व्यवसाय, त्यामुळे बॅकअपही दोन ठिकाणी. एकदा मुलीनं विचारलं, "बाबा, यात लिहिलंय काय?" मला सांगता येईना. फाइल सुखरूप होती, पण मजकूर आमच्या हातून गेला होता.

आता रविवारी आम्ही दोघं मोडीची बाराखडी गिरवतो. अजून 'श्री' आणि गावाचं नाव, एवढंच अक्षर लागलंय.

तुमच्या घरीही असं काही असेल. पत्र, पाककृतींची वही, फोटोमागची ओळ. या आठवड्यात भारतात फोन कराल तेव्हा घरातल्या मोठ्यांना त्याबद्दल विचारा. सांगणारं माणूस आहे तोवर लिहून घ्या, आणि मुलांना शेजारी बसवून घ्या.