रोजचे दोन पाव: इजिप्तच्या वाळवंटातली शिस्त आणि तिचं माप

माझ्या पीएचडीचा विषय 'चौथ्या शतकातले इजिप्तमधले ख्रिस्ती तापस' असा आहे, हे सांगितलं की समोरचा माणूस बहुधा दोनपैकी एक काहीतरी बोलतो. एक, "बापरे, म्हणजे जुनं ग्रीक वाचावं लागत असेल!" (हो, लागतं. आणि फार हळू वाचून होतं.) दुसरं, "म्हणजे ते वाळवंटात उपाशी राहून स्वतःला छळणारे लोक ना?"

आजची पोस्ट या दुसऱ्या वाक्यासाठी. कारण सुरुवातीला माझीही समजूत तीच होती: जो जास्त उपाशी राहील, कमी झोपेल, तो जास्त मोठा संत. तीन वर्षं ही माणसं वाचल्यावर आता असं वाटतं की त्यांचा खरा प्रश्न 'शिस्त कशी लावायची' हा नव्हताच. ती त्यांना येत होती. प्रश्न होता, आपली शिस्त बिघडतेय हे कळणार कसं? आणि कोणाला कळणार?

आधी थोडी पार्श्वभूमी

इसवी सन २७० च्या आसपासची गोष्ट. अँटनी नावाचा एक सधन इजिप्शियन तरुण चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग ऐकतो, जिथे येशू श्रीमंत तरुणाला सगळं विकून गरिबांना द्यायला सांगतो. अँटनी ते शब्दशः घेतो. जमीन देऊन टाकतो, धाकट्या बहिणीची व्यवस्था लावतो आणि गावाबाहेर राहायला जातो. पुढे हळूहळू आणखी आत, वाळवंटात. ३५६ साली तो वारला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी त्याचं चरित्र लिहिलं. ते चरित्र भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं सगळीकडे पोचलं आणि वाळवंटाकडे माणसांची रीघ लागली.

या जगण्याला ग्रीकमध्ये शब्द आहे 'आस्केसिस'. त्याचा मूळ अर्थ आहे सराव. मराठीत 'तालीम' म्हटलं तर अगदी चपखल बसतं, कारण हा शब्द मूळचा खेळाडूंच्या मेहनतीचाच. संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना शर्यतीत धावणाऱ्याचं उदाहरण दिलं आहे. म्हणजे शरीर शत्रू आहे म्हणून त्याला मारायचं, असा या शब्दाचा अर्थ नाही. शरीर आणि मन दोघांनाही तयार करायचं, असा आहे.

पण तालीम म्हटली की तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट येतेच. स्पर्धा.

चाळीस दिवस कोबीच्या पानांवर

मकारियस नावाचा अलेक्झांड्रियाचा एक तापस होता. कोणी काही नवीन व्रत करतंय असं कानावर आलं की यानं ते त्याहून कडक करून दाखवायचं. पॅलेडियस हा लेखक (त्याचं पुस्तक साधारण ४२० चं) त्याची एक गोष्ट सांगतो.

दक्षिणेकडे ताबेन्निसी इथे पाखोमियसचा मोठा मठ होता. तिथली शिस्त फार कडक आहे असं ऐकून मकारियस मजुराच्या वेशात तिथे दाखल झाला. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. कोणी रोज संध्याकाळी एकदा जेवत होता, कोणी दोन दिवसांनी, कोणी पाच दिवसांनी. मकारियसनं काय करावं? टोपल्या विणायला लागणारी खजुराची पाती भिजवून घेतली आणि एका कोपऱ्यात जो उभा राहिला तो ईस्टरपर्यंत. भाकर नाही, पाणी नाही, आडवं होणं नाही. फक्त रविवारी कोबीची थोडी पानं, तीही आपण खातोय असं लोकांना दिसावं म्हणून.

मठातले बाकीचे भडकले. पाखोमियसकडे जाऊन म्हणाले, याला काढा, नाहीतर आम्ही सगळे जातो. पाखोमियसला हा कोण ते कळलं तेव्हा त्यानं मकारियसचा हात धरून आभार मानले, आमच्या पोरांचा गर्व तुम्ही उतरवलात असं म्हणाला, आणि मग नम्रपणे सांगितलं की आता तुम्ही या.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती मकारियसच्या कौतुकाची वाटली होती. पॅलेडियसलाही कौतुक आहेच. पण आता माझं लक्ष पाखोमियसकडे जातं. शेकडो माणसं एकत्र राहतात, त्यातला एखादा आजारी, एखादा म्हातारा, एखादा नुकताच आलेला. अशा ठिकाणी एका माणसाचा विक्रम बाकीच्यांना मोडून टाकतो. पाखोमियसनं ते ओळखलं आणि सन्मानानं पाहुण्याला रस्ता दाखवला.

हेरो

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. ती सांगतो जॉन कॅसियन. हा चौथ्या शतकाच्या शेवटी आपल्या मित्राबरोबर इजिप्तमध्ये, स्केटिसच्या वाळवंटात राहिला. पुढे दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेयला स्थायिक झाला आणि तिथे ४२० च्या दशकात त्यानं तिथल्या ज्येष्ठांशी झालेले संवाद लिहून काढले.

त्यातला हेरो हा पन्नास वर्षं वाळवंटात राहिलेला म्हातारा. उपास आणि एकांत यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ईस्टरच्या दिवशी सगळे तापस चर्चमध्ये जमत आणि एकत्र जेवत. हेरो मात्र जेवायला येत नसे. चार दाणे डाळीचे खाल्ले तरी आपला नेम ढिला झाला असं दिसेल, ही त्याला भीती.

शेवटी एक दिवस त्याला एक देवदूत दिसला. निदान त्याला तो देवदूत वाटला. त्यानं सांगितलं, विहिरीत उडी मार, तुझ्या पुण्याईमुळे तुला काही होणार नाही. हेरोनं उडी मारली. लोकांनी त्याला अर्धमेल्या अवस्थेत बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. आपण फसलो हे त्यानं शेवटपर्यंत मान्य केलं नाही. त्याला आत्महत्या केलेल्यांत धरू नये, यासाठी तिथल्या पाफ्नुतियस या प्रमुखाचं मन मोठ्या मुश्किलीनं वळवावं लागलं.

कॅसियनच्या संवादात अब्बा मोझेस याचं कारण देतात ते असं: हेरोकडे सगळं होतं, 'डायाक्रिसिस' नव्हतं. या शब्दाचं भाषांतर आपण 'विवेक' असं करू शकतो, पण मूळ क्रिया आहे वेगळं काढण्याची. तांदूळ निवडताना आपण खडा बाजूला काढतो ना, तसं. मनात आलेला विचार तांदूळ आहे की खडा? आणि मोझेस यांचं म्हणणं असं की हे निवडणं एकट्याला जमत नाही. मनात येईल ते एखाद्या अनुभवी माणसाला उघडपणे सांगायचं. लपवलेला विचार वाढत जातो, सांगितलेला विरून जातो.

म्हणून मला त्या गोष्टीत विहिरीपेक्षा ईस्टरचं जेवण महत्त्वाचं वाटतं. तिथे कोणीतरी हेरोकडे बघून म्हणालं असतं, "बाबा, तुमचं काही ठीक दिसत नाही." ते ताट त्यानं नियम म्हणून नाकारलं आणि त्याच्याबरोबर ते वाक्यही गेलं.

एकादशी, दुप्पट खाशी

मग योग्य माप कोणतं? त्याच संवादात एक उत्तर येतं: दिवसाला दोन छोटे, वाळवलेले कडक पाव. दोन्ही मिळून जेमतेम एक रोमन पौंड, म्हणजे आजचे साधारण ३२७ ग्रॅम. ऐकणाऱ्यांना वाटतं, एवढंच? अहो, हे तर सोपं आहे. तेव्हा मोझेस म्हणतात, सोपं वाटतंय तर करून बघा: रोज, न चुकता, कमी नाही आणि जास्त नाही.

मग बेंजामिनची गोष्ट येते. हा एक दिवस काहीच खायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी चार पाव एकदम. हिशोब तोच, पण पोटभर जेवल्याचं समाधान मिळायचं. आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात ते हेच! बेंजामिननं कोणाचं ऐकलं नाही आणि शेवटी तो वाळवंट सोडून गेला.

मोठा उपास एका झटक्यात करता येतो, त्यात एक नशाही असते. रोजचे दोन पाव खाण्यात काहीच दिसण्यासारखं नाही. पण टिकते ती तीच शिस्त, असं या लोकांच्या अनुभवाला आलं.

आणि पाहुणा आला की तीही मोडायची! कॅसियन एका ज्येष्ठाबद्दल सांगतो. जेवताना तो कॅसियनला आणखी थोडं घ्या म्हणून आग्रह करत होता. कॅसियन म्हणाला, आता नाही जात. त्यावर तो म्हणाला, आज वेगवेगळ्या पाहुण्यांसाठी मी सहा वेळा पान मांडलं, प्रत्येकाबरोबर जेवलो, तरी मला अजून भूक आहे. आणि तुम्ही पहिल्यांदाच जेवताय तरी पोट भरलं म्हणता? म्हणजे प्रत्येकाबरोबर जेवायचं, पण थोडं. पाहुण्याला आपला उपास कळूही द्यायचा नाही.

इव्हाग्रियसची दुपार

ज्या माणसावर माझं सगळ्यात मोठं प्रकरण आहे, तो इव्हाग्रियस. कॉन्स्टँटिनोपलमधला हुशार, नावाजलेला डीकन. एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला, तिथून जेरुसलेमला पळाला आणि मग इजिप्तला आला. शेवटची चौदा वर्षं तो केलिया इथे राहिला. 'केलिया' म्हणजे खोल्या. अलेक्झांड्रियाच्या आग्नेयेला असलेली ही जागा १९६४ मध्ये पुन्हा ओळखली गेली आणि फ्रेंच व स्विस पथकांनी तिथे उत्खनन केलं. दीड हजारांच्या आसपास वस्त्यांचे अवशेष नोंदवले गेले. बरेचसे अवशेष नंतरच्या शतकांतले आहेत, पण त्यांत अंगण, विहीर, स्वयंपाकघर, प्रार्थनेची खोली, गुरू आणि शिष्य अशा दोघांची राहायची सोय दिसते. 'एकांत' म्हणजे अगदी एकटेपणा नव्हे, हे तिथल्या भिंतीच सांगतात. आठवडाभर आपापल्या खोलीत राहायचं, शनिवार-रविवारी सगळ्यांनी एकत्र यायचं, ही तिथली रीत.

इव्हाग्रियस पोटापाण्यासाठी हस्तलिखितांच्या नकला करायचा. तापसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी त्यानं केली: खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, अकेदिया, मोठेपणाची हाव आणि गर्व. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी यांनी यातूनच सात पापांची यादी बांधली.

यातला 'अकेदिया' म्हणजे काय? आळस म्हणतात, पण मला 'उबग' जास्त जवळचा वाटतो. त्याचं वर्णन इव्हाग्रियस असं करतो: सकाळी दहाच्या सुमाराला सुरू होतं. सूर्य हलतच नाही. माणूस सारखा खिडकीतून बघतो, जेवायला किती वेळ आहे ते मोजतो. कोणी भेटायला येतंय का बघतो. मग वाटतं, इथे कोणाला कोणाची माया नाही. दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं. घरची माणसं आठवतात. अजून किती वर्षं काढायची आहेत, हे डोळ्यांपुढे येतं.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या कोणालाही हे परिच्छेद वाचून दाखवा. मी लायब्ररीत वाचलं तेव्हा माझ्यासमोर बिस्किटाचा रिकामा पुडा होता आणि मी चौथ्यांदा घड्याळ बघितलं होतं.

त्याचा उपाय एका ओळीत: जागा सोडू नको. पण त्याबरोबर त्यानं आपल्या गुरूचा सल्लाही नोंदवला आहे की उद्याच मरायचं आहे असं समजून जगावं, पण शरीराला मात्र त्याच्याबरोबर अजून बरीच वर्षं काढायची आहेत असं वागवावं. रागावर तो जे उपाय सांगतो त्यांत तर माणसाला जेवायला बोलावणं हाही एक आहे.

दुर्दैव असं की स्वतःच्या शरीराच्या बाबतीत त्यानं हा सल्ला पुरता पाळला नाही. पॅलेडियस त्याचा शिष्यच. तो सांगतो की सोळा वर्षं शिजवलेलं न खाल्ल्यानं इव्हाग्रियसचं पोट बिघडलं आणि शेवटी त्याला पाव सोडून शिजवलेल्या पातळ अन्नावर यावं लागलं. ३९९ मध्ये, पंचावन्नच्या आसपास, तो गेला.

याला इतिहास म्हणायचं का?

आता तुम्ही म्हणाल, या तर सगळ्या गोष्टी आहेत. पुरावा काय? बरोबर आहे. मकारियस खरंच चाळीस दिवस उभा होता का, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण इतिहासकाराला अशा मजकुराचा वेगळा उपयोग होतो. 'इथे धावू नये' अशी पाटी दिसली की तिथे लोक धावत असणार, हे कळतं. इतक्या लेखकांनी अतिरेकाविरुद्ध इतक्यांदा लिहिलं, याचा अर्थ अतिरेक ही खरी, रोजची अडचण होती.

आणि त्या अनुभवाचा पुढे नियम झाला. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टनं मठासाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. तिच्या शेवटी त्यानं कॅसियनची पुस्तकं वाचायला सांगितली आहेत. माणशी रोज एक पौंड पाव, शिजवलेले दोन पदार्थ. दुसऱ्यांचं अन्न किती असावं हे ठरवताना आपल्याला संकोच वाटतो, असंही तो कबूल करतो. उपवासकाळात कोणाला स्वतःहून काही जास्त करायचं असेल तर जरूर करावं, पण आधी मठाधिपतीला सांगून. न सांगता केलेलं व्रत पुण्यात नाही, अहंकारात जमा!

हेरो आणि ही नियमावली यांच्यामध्ये साधारण सव्वाशे-दीडशे वर्षं आहेत. माझ्या थिसिसचं म्हणणं थोडक्यात हे, की त्या काळात शिस्तीचं माप एकट्या माणसाच्या हातातून निघून त्याच्या सोबत्यांच्या हातात गेलं. यात धोकाही आहेच. मठाधिपती जुलमी निघाला तर? त्यावर पुढच्या पोस्टमध्ये लिहीन.

तोवर स्वतःपुरतं सांगते. गेल्या वर्षी मी पहाटे चार ते रात्री दहा असं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं. अकरा दिवस चाललं, मग आठवडाभर तापानं झोपून होते. कोणालाच सांगितलं नव्हतं. आता रोज दोन पानं लिहिते, आणि दुपारी मैत्रिणीने डबा खायला हाक मारली तर उठते.