काचेच्या बांगडीमागची शाळा



गेल्या वर्षी पालकसभेत एका मणियार बांधवाने मला प्रश्न केला, "सर, बांगड्या भरायला रसायनशास्त्र कशाला लागतं?" त्यांचा मुलगा नववी पास झालेला, विज्ञानात हुशार, पण त्याला दुकानावर बसवायचे त्यांनी ठरविले होते. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज या लेखातून देत आहे.

जुन्नर, नारायणगाव, मंचर किंवा घोडेगाव, आपल्या दोन तालुक्यांतील कोणत्याही बाजारात जा. मणियार वा कासार बांगड्या मांडून बसलेला दिसेल. लग्नघर हिंदूचे असो की मुसलमानाचे, हिरवा चुडा त्याच्याच हातून भरला जातो. पण ही बांगडी येते कोठून? बहुतेक उत्तर प्रदेशातील फिरोजाबादहून. पूर्वी मात्र असे नव्हते.

आपल्या महाराष्ट्रात काचकाम फार जुने आहे. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरी येथे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजतर्फे उत्खनन झाले. तेथे बहामनी काळातील रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या सापडल्या. या उत्खननातील एक संशोधक डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी पुढे भारतीय काचेचा इतिहासच लिहिला; तो १९६९ साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आपल्याकडे बांगडी बनविणाऱ्यास 'काचारी' म्हणत. भट्टीतील तापलेला काचेचा गोळा लोखंडी सळईवर घ्यायचा, त्याचे कडे करून मातीच्या साच्यावर फिरवायचे आणि हवे ते माप आणायचे, अशी त्याची रीत. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. ती ना वहीत लिहिली जाई, ना शाळेत शिकविली जाई.

आता थोडे दूर जाऊन पाहू. तेराव्या-चौदाव्या शतकांत सुंदर काच कोठे होत असे? सीरिया व इजिप्तमध्ये. तेथील उस्तादांनी मशिदींसाठी केलेले सोनेरी व मिन्याच्या नक्षीचे काचेचे दिवे आजही जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. इटलीतील व्हेनिसच्या कारागिरांनी या कामापासून पुष्कळ घेतले. व्हेनिस सरकारने १२९१ साली काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या आणि पुढे तेथील उस्तादांना देश सोडण्याची बंदी केली. आणि काळाचा फेरा पाहा! १५६९ साली तुर्कस्तानच्या वजिराने मशिदींसाठी ९०० दिव्यांची मागणी केली, ती व्हेनिसकडे! ज्यांच्या घरचा हुनर होता, तेच गिऱ्हाईक बनले.

पुढे व्हेनिसलाही प्रतिस्पर्धी भेटला. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या बोहेमिया प्रांतात १८५६ साली केवळ काचकाम शिकविणारी शाळा निघाली. तेथे कारागिरांची मुले चित्रकला व नक्षीकाम शिकू लागली. अशा शाळा वाढल्या, यंत्रे आली, आगगाड्या आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच मुलखातील बांगड्या आपल्या बाजारांत येऊन पडल्या. मागोमाग जपानच्या आल्या. काचाऱ्याची भट्टी त्यांच्यापुढे टिकली नाही. त्याच्या हातात कसब कमी नव्हते. पण त्याच्या पाठीशी शाळा नव्हती. आपल्या जुन्नरच्या कागदाचेही तेच झाले. पेशवाईच्या दप्तरांत नावाजलेला हा जुन्नरी कागद गिरणीच्या कागदापुढे मागे पडला.

मग यावर कोणी उपाय केला नाही काय? केला, आणि तोही आपल्याच पुणे जिल्ह्यात. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली, की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला. या 'पैसा फंडा'तून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. जपान व अमेरिकेत काचशास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथील काम उभे केले. विशेष हे, की तो नुसता कारखाना नव्हता. तेथे काचकाम शिकविलेही जाई. तेथून शिकून गेलेल्या मंडळींनी देशात ठिकठिकाणी काचेची कामे उभारली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील खेड्यापाड्यांत पोहोचला.

फिरोजाबादेतही बांगडी उद्योगाचे जनक म्हणून रुस्तुम उस्ताद यांचे नाव आदराने घेतले जाते. तेथे आज भट्ट्यांवर, सांधे जोडण्यावर आणि नक्षीवर हजारो हात राबतात. परंतु वर्षानुवर्षे त्यांत लहान मुलांचेही हात होते, हे विसरता येत नाही. ज्या हातात पाटी हवी, तो दिव्याच्या ज्योतीवर बांगडीचे टोक जोडीत होता.

आता त्या मणियार बांधवाच्या प्रश्नाकडे येतो. वाळू, सोडा आणि चुना सुमारे १४०० ते १५०० अंश उष्णतेत वितळले, की काच होते. कोबाल्टने ती निळी होते, क्रोमियमने हिरवी, मँगनीजने जांभळी. काच घाईने थंड केली तर ती तडकते. हळूहळू थंड केली तर टिकते. हे सारे रसायनशास्त्र व पदार्थविज्ञानच आहे! बांगडी भरायला ते लागत नाही, हे खरे. पण बांगडी घडवायला लागते, नवा रंग काढायला लागते, कारखाना चालवायला लागते. ते ज्याच्याजवळ नाही, त्याने दुसऱ्याने केलेली बांगडी विकावी, एवढेच त्याच्या हाती उरते.

विकणे हलके नाही. हलालची कमाई कोणतीही थोरच. परंतु मुलाने दुकानावर बसायचे की भट्टी उभारायची, हे ठरविण्याची संधी तरी त्याला मिळावी. एकेका पैशातून तळेगावची भट्टी पेटली. आपल्या संस्थेची शाळाही अशाच लहान-लहान देणग्यांवर उभी आहे. तिचा लाभ अर्ध्यावर सोडू नका.

तो मुलगा सध्या दुकानावरच बसतो. स्मरणिकेचा हा अंक मी स्वतः त्याच्या वडिलांना नेऊन देणार आहे आणि सोबत दहावीला बाहेरून बसण्याचा १७ नंबरचा फॉर्मही नेणार आहे. तो दुकान सांभाळूनही भरता येतो.