लोकसंख्यावाढ आणि भाड्याची मिळकत : मुंबई शहरातील काही प्रमाणे

ज्या शहराची वस्ती वाढते तेथे भाड्याने देण्याकरिता घरे बांधणे किफायतशीर ठरते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही हे विधान फारशा चिकित्सेवाचून आढळते. मुंबईचा गेल्या शतकाचा आणि त्यापूर्वीचाही इतिहास पाहिला असता हे विधान अर्धेच खरे असल्याचे दिसून येते. शिरगणतीचे आकडे घरमालकाला पुष्कळ काही सांगतात. परंतु तो बहुधा ते उशिरा वाचतो, आणि चुकीच्या रकान्यात वाचतो.

प्रथम आकड्यांच्या चंचलतेकडे पाहू. १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, बॅकबे भरावाच्या कंपनीचे भाग अवाच्या सवा किमतीला विकले जात होते, आणि जमिनीला सोन्याचे मोल आले होते. १८६५ त युद्ध संपले व सारा डोलारा कोसळला. १८७२ च्या गणनेत लोकसंख्या ६,४४,४०५ इतकीच निघाली. १८६४ च्या गणनेच्या अचूकतेविषयी शंका घेतल्या गेल्या आहेत, हे खरे. तथापि शहर ओसरले याविषयी शंका नाही. पुढे १८९६ च्या प्लेगनेही असेच घडले. १९०१ त ७,७६,००६ वर आलेली वस्ती १९०६ त ९,७७,८२२ झाली. अशा भरती-ओहोटीच्या शहरात दहा वर्षांतून एकदा मिळणाऱ्या आकड्यावर विसंबून चुना-विटांत पैसा घालणे हे धाडसच होते.

परंतु एकूण संख्येपेक्षा महत्त्वाचा प्रश्न येणारा माणूस कोण, हा होय. १९२१ त मुंबईच्या दर पाच रहिवाशांपैकी चारांहून अधिकांचा जन्म शहराबाहेरचा होता, आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला गिरणी कामगार बिऱ्हाड गावी ठेवून येई. त्याला घर नको होते. पडशी ठेवायला आणि पाठ टेकायला जागा हवी होती. गाववाले मिळून एक खोली घेत, खानावळीत जेवत, आणि भाडे वाटून भरीत. (गोव्याच्या खलाशांचे गाववार ‘कूड’ हे याच गरजेचे दुसरे रूप.) गिरणगावातील खाजगी चाळमालकाने हे अचूक ओळखले. गिरणीच्या भोंग्याच्या टापूत, कमीत कमी खर्चात, एकेका खोलीच्या ओळी त्याने उठविल्या. त्या चाळींच्या अनारोग्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण भाडेकरूची ऐपत व त्याचा पायी चालण्याचा पल्ला यांचा हिशेब त्याने बरोबर मांडला होता.

सरकारचा हिशेब मात्र चुकला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जागेची टंचाई असह्य झाली, तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० त विकास खाते स्थापन झाले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या, असा संकल्प होता. वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील खोल्या संकल्पाच्या तृतीयांशाच्या आसपासच भरतात. तरीही त्यांतल्या अनेक, विशेषतः वरळीच्या, कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या. ज्या वाढीवर योजना बेतली होती ती वाढ मागच्या दशकातली होती. १९२१ ची ११,७५,९१४ ही संख्या १९३१ त ११,६१,३८३ वर उतरली. दरम्यान १९२८ चा गिरण्यांचा दीर्घ संप आणि त्यामागून जागतिक मंदी येऊन गेली होती. शिवाय वरळी तेव्हा कामाच्या ठिकाणांपासून व बाजारापासून दूर होती, आणि काँक्रीटच्या खोलीचे भाडे गिरणी कामगाराच्या मिळकतीला जड जात होते. गरज होती, पण ती मागणी नव्हती. हा भेद विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावा.

यापुढचे प्रकरण अधिक उद्‌बोधक आहे. १९४१ त जवळजवळ पंधरा लाख असलेली शहराची वस्ती १९५१ त तेवीस लाखांवर गेली. युद्ध आणि फाळणी यांनी आणलेली ही वाढ अभूतपूर्व होती. पूर्वीच्या न्यायाने भांडवल चाळींकडे धावावयास हवे होते. ते धावले नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे सामान्यतः प्रमाणभाडे ठरविले. म्हणजे वस्ती वाढली तरी त्या वाढीचा लाभ भाड्यात उतरण्याचा मार्ग बंद झाला. माझ्या मते या कायद्याला सर्वस्वी दोष देणे अन्यायाचे आहे, कारण त्याच्या अभावी लाखो कुटुंबे रस्त्यावर आली असती. परंतु त्याने भांडवलाची दिशा बदलली, हे नाकारता येत नाही. जुन्या चाळींची डागडुजी थांबली. पडझड इतकी झाली की १९६९ त इमारत दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. नवा पैसा मालकी हक्काच्या गाळ्यांकडे वळला व त्या व्यवहारांसाठी १९६३ त वेगळा कायदा झाला. भाड्यातून न मिळणारा मोबदला पागडीच्या रूपाने उघडपणे न बोलता घेतला जाऊ लागला. १९४७ च्या कायद्याने गुन्हा मानलेली ही पागडी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने अखेर विधिसंमत केली.